कोकणातील एक मुळी आणि प्राण्यांच्या आशानिराशेचे रसायन

रेवदंड्याच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर वर आले की कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी लागते, आणि तेथून कोलाडवरून भिऱ्याच्या दिशेने सह्याद्रीकडे जाऊ लागले की भातखाचरे हळूहळू मागे पडून ऐन, किंजळ आणि सागाची राने सुरू होतात. पूर्वीच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील अशा दमट, अर्ध्या सावलीच्या रानांतून, आणि खाली थेट सावंतवाडीपर्यंतच्या साऱ्या कोकणपट्टीत, गुडघ्याएवढ्या उंचीचे एक झुडूप उगवते. एकेका पेरापाशी तीन-तीन, चार-चार पानांचे वलय, तांबूस देठांवर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुपके, आणि पिकल्यावर जांभळट-काळी होणारी इवलीशी फळे, एवढेच त्याचे रूप. संस्कृत ग्रंथांत त्याला सर्पगंधा म्हटले आहे. कोकणात कोणी हरकी म्हणतो, कोणी अडकई. त्याचे सारे मोल मात्र जमिनीखाली, वेड्यावाकड्या आणि अत्यंत कडू अशा मुळीत साठविलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्यास ह्याच मुळीतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्यामुळे शास्त्रज्ञांच्या हाती असा पुरावा आला की प्राण्याच्या उभारीचा आणि त्याच्या खचण्याचा मेंदूतल्या मोजता येण्याजोग्या रसायनांशी निकटचा संबंध आहे. हा शोध बाझल, बेथेस्डा आणि लुंड येथील प्रयोगशाळांच्या नावे इतिहासात जमा आहे, आणि तो तसा असण्यात अन्याय नाही. परंतु त्याची सुरुवात आपल्या रानांत, आपल्या वैदूंच्या आणि मजुरांच्या गाठोड्यांत झाली, ही हकिकत मराठी वाचकाला क्रमाने सांगितली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नागाशी झुंज घेताना मुंगूस मध्येच रानात पळतो, कसलीशी मुळी चावून येतो आणि पुन्हा झुंजीला उभा राहतो, ही गोष्ट आपल्याकडे आजही खेडोपाडी सांगितली जाते. तिची युरोपीय लेखनातील एक जुनी नोंद आपल्याच मुलुखात झाली. गोव्यास राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे काही काळ मुंबई बेटाचा मक्ता होता, त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत सर्पविषावरील मुळ्यांचे आणि मुंगसाच्या झुंजीचे वर्णन केले आहे, आणि त्या मुळ्यांत सर्पगंधा असावी असे पुष्कळांनी मानले आहे. मुंगसाची कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी प्राण्याच्या धैर्याचा संबंध त्याच्या पोटात गेलेल्या एखाद्या द्रव्याशी जोडणारी लोककल्पना किती जुनी आहे हे तिच्यावरून ध्यानात येते.

ह्यानंतर तीन शतके ही मुळी शास्त्राच्या दप्तरात जवळजवळ निजूनच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम डायमॉक ह्याने वॉर्डन आणि हूपर ह्यांच्या साहाय्याने हिंदी वनस्पतिज औषधींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात मात्र कोकणातील तिच्या वापराची तपशीलवार नोंद सापडते. दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे बहुतेक मजूर ही मुळी थोडीशी जवळ बाळगतात आणि पोटशूळावर तिचा उपयोग करतात. पटकीवर ती सापसंदाबरोबर देतात. पोटातील कळांवर कुड्याच्या आणि मोगली एरंडाच्या मुळ्यांसह दुधातून देतात. तापात किराईत, सुंठ आणि पादेलोण ह्यांच्याबरोबर देतात. अशा आशयाच्या ओळी तेथे आहेत. रोहा-पेणचा माणूस धरमतरच्या वाटेने मुंबईस जावो किंवा दक्षिणेकडचा माणूस आगबोटीने जावो, परळ-लालबागच्या चाळीतील त्याच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी उगाळून घ्यावयाच्या चार मुळ्या असत, आणि त्यांतच ही एक असे. गिरणीच्या पाळीवरून आलेला एखादा गडी रात्री पोट धरून कळवळू लागला, की सहाणेवर दोन वेढे उगाळून ते चाटण त्याला दिले जाई, आणि कळ थांबल्यावर त्याला शांत झोपही लागे. त्या झोपेला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. पुढच्या साऱ्या शोधाचे बीज त्या झोपेतच होते.

उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः बिहारात, हीच मुळी वेड लागलेल्यांना देण्याची वहिवाट होती. तिच्या आधारे १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद आणि रक्तदाब ह्यांवर सर्पगंधेचा गुण येतो असे वैद्यकीय नियतकालिकातून जाहीर केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत सिद्दीकी ह्यांनी मुळीतून अजमलिनप्रभृती क्षारद्रव्ये वेगळी केली, आणि थोड्याच काळात कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांनी कलकत्त्यात प्राण्यांवर तिचे प्रयोग केले. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने तिच्या गोळ्या बाजारात आणल्या. ब्रह्मदेशात अस्वस्थ झालेल्या हत्तींना गावकरी एक मुळी चारून शांत करतात, हे संस्थापकांनी पाहिले आणि त्यावरून ह्या गोळीची कल्पना निघाली, अशी हकिकत त्या कंपनीच्या परंपरेत सांगितली जाते. मुंगूस झाला, हत्ती झाला. प्रयोगशाळेत ससा येण्यापूर्वीच ह्या मुळीचे नाते प्राण्यांच्या मनोवृत्तीशी जोडले गेले होते.

ह्यापुढील निर्णायक पाऊल परळमध्ये पडले. १९२५ मध्ये सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि १९२६ मध्ये त्याला जोडून राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे के. ई. एम., सुरू झाले. तेथील अध्यापक हिंदी असावेत ह्या अभिमानाच्या अटीवर उभी राहिलेली ही संस्था गिरण्यांच्या आणि कोकणी चाळींच्या ऐन मध्यभागी होती. तेथील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी कित्येक वर्षे रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक निरीक्षणे केली आणि पन्नास रोग्यांच्या नोंदींचा लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. मुळी नवी नव्हती, गुणही नवा नव्हता. परंतु रक्तदाबाचे आकडे मांडून, औषध बंद केल्यावर काय होते तेही पाहून, पश्चिमेकडील वैद्यांना पटेल अशा रीतीने वकिलांनी तो गुण सिद्ध केला. त्या लेखानंतर सर्पगंधेचे नाव पाश्चात्त्य रुग्णालयांत सर्वतोमुखी झाले. १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत वकिलांचे नाव होते, आणि तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. ह्या पारशी डॉक्टरची आठवण परळच्या बाहेर आज फारशी राहिलेली नाही, ह्याचे मला दुःख होते.

इकडे बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन ह्यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या मुळ्यांचा अर्क टप्प्याटप्प्याने शुद्ध करीत १९५२ साली त्यातील शांतिदायक द्रव्य स्फटिकरूपात मिळविले आणि त्याला रिसर्पिन हे नाव दिले. लाल तोंडाच्या चवताळलेल्या माकडांना ते दिले असता ती हाताळू देण्याइतकी मवाळ होत, तरी झोपेने बेशुद्ध होत नसत, आणि हेच त्या काळच्या गुंगीच्या औषधांहून त्याचे वेगळेपण होते. १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम ह्यांनी मनोविकारांवर सर्पगंधेच्या केलेल्या उपयोगाची बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली, ती वाचून नेथन क्लाइन ह्या मनोवैद्याने रॉकलंडच्या सरकारी इस्पितळात रिसर्पिन वापरून पाहिले. त्या इस्पितळात फुटलेली तावदाने बसविणाऱ्या कामगारालाच प्रथम जाणवले की अमुक एका विभागात आता काचा फुटत नाहीत, असे क्लाइनने पुढे सांगितले आहे.

रिसर्पिन मेंदूत नेमके काय करते, हे कोणाला ठाऊक नव्हते. ते कळण्यास एका यंत्राची गरज होती. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट बोमन ह्याने प्रकाशाच्या साहाय्याने अत्यल्प द्रव्यही मोजू शकणारे एक उपकरण तयार केले होते. त्याचा उपयोग करून बर्नार्ड ब्रोडी, आल्फ्रेड प्लेट्शर आणि पार्कहर्स्ट शोर ह्यांनी १९५५ साली सशांना रिसर्पिन टोचले आणि काही तासांनी त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन मोजले. ते जवळजवळ नाहीसे झालेले होते. ब्रोडीच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून स्वीडनमधील लुंडला परतलेल्या आर्व्हिड कार्लसनने पुढच्या वर्षी आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले की रिसर्पिनने नॉरअॅड्रेनलिनही तसेच रिते होते. ह्या क्रियेचे स्वरूप रोह्याच्या शेतकऱ्याला कणगीवरून समजेल. मज्जातंतूच्या टोकाशी ही द्रव्ये कणग्यांसारख्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. रिसर्पिन त्या कणग्यांत दाणा शिरूच देत नाही, आणि बाहेर उघड्यावर राहिलेला दाणा एक विघटक किण्व फस्त करून टाकते, म्हणून पेरणीच्या वेळी, म्हणजे एका तंतूने दुसऱ्याला संदेश द्यावयाच्या वेळी, घरात काहीच उरत नाही.

ह्या मालिकेतील सर्वांत विलक्षण प्रयोग १९५७ चा. कार्लसन, लिंडक्विस्ट आणि मॅग्नुसन ह्यांनी रिसर्पिन दिलेले ससे घेतले. त्यांची पाठ वाकलेली, पापण्या मिटत आलेल्या, कान दोन्ही बाजूंस लोळागोळा होऊन पडलेले, समोर अन्न ठेवले तरी हालचाल नाही. अशा सशांच्या शिरेत त्यांनी डोपा नावाचे, शरीरात डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचले. सुमारे पाव तासात ससे उठले, त्यांचे कान ताठ झाले आणि ते इकडेतिकडे फिरू लागले. सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य देऊन मात्र असा परिणाम साधला नाही. पुढच्या वर्षी मेंदूत डोपामीन स्वतंत्रपणे वास करते हे कार्लसनने सिद्ध केले, आणि कंपवातावरील आजचा उपचार त्यातून निघाला. २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या सशांचे पूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र वैद्यकाच्या ग्रंथांतून अनेकदा छापले गेले आहे. ते पाहताना मला प्रत्येक वेळी वाटते की ह्या मुक्या जीवांनी जे सोसले, त्याचे ऋण मानण्याची रीत विज्ञानाने अजून नीट पाळलेली नाही.

ह्याच वेळी दुसरी एक वाट पहिलीला येऊन मिळाली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात आले, तेव्हा ज्यांची फुप्फुसे अजून बरी व्हावयाची होती असे रोगीही हसू-खेळू लागले. हे औषध वर सांगितलेल्या विघटक किण्वालाच अडविते असे आढळले. आणि जनावराला आधी इप्रोनियाझिड देऊन मग रिसर्पिन दिले, तर ते खचण्याऐवजी उलट उत्तेजित होई. एका द्रव्याने साठा रिता केला की प्राणी खचतो, दुसऱ्याने तो राखला की उभारी धरतो, अशी ही जोडी इतकी सुबक होती की जोसेफ शिल्डक्राउटने १९६५ मध्ये तिच्यावर मानवी विषादाचा एक संपूर्ण सिद्धांत उभारला. तत्पूर्वीच, १९५४ मध्ये, एडवर्ड फ्राइस ह्याने मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रोगी खोल विषादात गेल्याचे कळविले होते, आणि त्या बातमीने सिद्धांताला बळ दिले.

येथे मात्र घाई झाली, असे माझे मत आहे. १९५५ मध्येच लंडनच्या शेपर्ड आणि डेव्हिस ह्यांनी चिंताग्रस्त आणि विषण्ण रोग्यांवर रिसर्पिन वापरून त्यांना त्यापासून उलट आराम पडतो असे दाखविले होते. तो निबंध कित्येक दशके कोणी मनावर घेतला नाही. शिवाय वाकलेल्या पाठीचा ससा निराश आहे की केवळ त्याचे स्नायू आणि रक्तदाब ढासळले आहेत, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या पिढीजवळ नव्हते. प्राण्याला विचारणार कसे, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच होता, आणि तो बाजूला सारून औषधे शोधण्याचे काम वेगाने पुढे गेले. रिसर्पिनने निपचित झालेला उंदीर ज्या द्रव्याने जागा होईल ते विषादावरचे संभाव्य औषध, ही कसोटी जगभरच्या औषधशाळांत रूढ झाली. मुंबईत गोरेगाव येथे सीबाने उभारलेल्या संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि त्याच केंद्रात नायट्रॉक्साझेपिन हे विषादावरील औषध तयार होऊन १९८२ मध्ये ते भारतात वापरात आले. बाझलला गेलेल्या मुळीचा हिशेब अशा रीतीने थोडासा तरी मुंबईस परत आला.

त्या मुळीची स्वतःची दशा मात्र बिकट झाली. परदेशांतून मागणी येताच रानोमाळ उपसा सुरू झाला. मूळ काढले की झुडूपच संपते, आणि बियांची उगवण मुळातच कमी. त्यामुळे रान रिते होण्यास फार वर्षे लागली नाहीत. सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, तेव्हा परदेशी कंपन्या त्याच कुळातील आफ्रिकी वृक्षाकडे वळल्या. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्डने रिसर्पिन प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडविले खरे, पण मुळीची मागणी त्याने थांबली नाही. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आहे. ज्या कोकणी मजुरांच्या आणि वैदूंच्या ज्ञानावर ही सारी इमारत चढली, त्यांच्या पदरात ह्या व्यवहारातून काय पडले असा प्रश्न कोणत्याही कचेरीने कधी विचारलेला दिसत नाही.

प्राण्याला विचारावे कसे ह्याचे उत्तर जवळजवळ अर्धशतकाने, २००४ साली, ब्रिस्टल येथील हार्डिंग, पॉल आणि मेंडल ह्यांनी दिले. त्यांनी उंदरांना शिकविले की एक स्वर ऐकू आला असता कळ दाबावी, म्हणजे खाद्य मिळते. दुसरा स्वर आला असता दाबू नये, नाहीतर कर्कश आवाज सोसावा लागतो. मग काही उंदरांचे पिंजरे त्यांनी अनियमितपणे ओले केले, कलते ठेवले, त्यांच्या दिनक्रमाची खात्री नाहीशी केली. आणि शेवटी सर्वांना त्या दोन स्वरांच्या मधला, अर्थ न ठरलेला स्वर ऐकविला. अस्थिर जीवन भोगलेल्या उंदरांनी कळ कमी वेळा आणि उशिराने दाबली. संदिग्ध गोष्टीचा अर्थ प्राणी बऱ्याकडे लावतो की वाईटाकडे, एवढाच प्रश्न येथे विचारलेला आहे, आणि ह्या प्रश्नाला पाठीचा कणा किंवा पापण्या नव्हे तर प्राण्याची निवड उत्तर देते. ब्रोडी-कार्लसनांच्या पिढीला जे साधन हवे होते ते हेच.

आता मेंदूचे रसायन पुन्हा चाचणीत आणता येऊ लागले. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या शरीरातील सेरोटोनिनची निर्मिती औषधाने रोखली, तेव्हा संदिग्ध जागी ठेवलेल्या बादलीकडे जाण्यास त्या कचरू लागल्या. पुढे डुकरांतही तसेच आढळले. २०११ मध्ये न्यूकॅसलच्या मेलिसा बेटसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना एका वासामागे साखरपाणी आणि दुसऱ्यामागे कडू क्विनीन येते असे शिकविले, नंतर पोळ्यावर हल्ला झाल्यासारखे मिनिटभर त्यांना हलविले आणि दोन्ही वासांचे मिश्रण हुंगविले. हलविलेल्या माश्यांनी सोंड बाहेर काढण्याचे अधिक वेळा टाळले, आणि त्यांच्या शरीररसात डोपामीन, सेरोटोनिन आणि कीटकांत आढळणारे ऑक्टोपामीन ही तिन्ही कमी झालेली होती. रायगडच्या रानांत पोळी काढणाऱ्या कातकऱ्याला खवळलेल्या माशीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. तो स्वभाव द्रव्यांच्या मापात उतरविण्याचे काम ह्या प्रयोगाने केले.

त्याच्या उलट बाजूचा प्रयोग लंडनमध्ये क्लिंट पेरी, लुइगी बाचादोना आणि लार्स चिट्का ह्यांनी २०१६ मध्ये केला. भुंगमाश्यांना अनपेक्षितपणे गोड पाण्याचा एक थेंब पाजला असता, अर्थ न ठरलेल्या रंगाच्या खुणेकडे त्या लवकर उडत गेल्या, आणि कोळ्याने पकडल्यासारखा दाब देऊन सोडल्यावर त्या लवकर सावरल्याही. मग त्यांच्या अंगावर डोपामीनचा मार्ग अडविणारे औषध लावले, आणि गोड थेंबाचा तो सारा परिणाम लोपला. माशीला आनंद झाला असे म्हणण्याचे ह्या संशोधकांनी टाळले आहे. आशावादासारखे वर्तन, एवढेच ते म्हणतात, आणि १९५० च्या दशकात सशाच्या पडलेल्या कानांवरून मानवी विषादाचा सिद्धांत किती झपाट्याने उभा राहिला होता हे ज्याला माहीत आहे, त्याला हा संयम योग्यच वाटेल.